कवितेनें राखलेली गढी

इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन देशांना जोडणारा, किंवा अधिक खरें बोलावयाचें तर कित्येक शतकें त्यांना एकमेकांपासून तोडणारा, जो सीमाप्रदेश आहे, त्यांत ट्वीड नदीच्या खोऱ्यांत केल्सो नांवाचें एक जुनें गांव आहे. या गांवाच्या पश्चिमेस सुमारें सहा मैलांवर काळ्या खडकांचा एक उघडाबोडका उंचवटा लागतो. भोंवतीं मेंढ्यांचीं कुरणें, पायथ्याशीं एक लहानसें तळें, आणि खडकाच्या माथ्यावर एकटीच उभी असलेली, सुमारें पांसष्ट फूट उंचीची एक चौकोनी दगडी इमारत. हिला स्मेलहोमची गढी म्हणतात.

श्रोतेहो, स्कॉटलंडमधील किल्ले म्हटले म्हणजे एडिंबरो आणि स्टर्लिंग येथील राजदुर्ग डोळ्यांपुढें येतात. स्मेलहोमची गणना त्या मालिकेंत होत नाहीं. येथें कोणा राजाला राज्याभिषेक झाला नाहीं, कोणताहि प्रसिद्ध तह येथें ठरला नाहीं, आणि शाळेंतील मुलांनीं सनावळींत पाठ करावी अशी लढाईहि या भिंतींखालीं झाली नाहीं. असें असूनहि ही वास्तु आज कायद्याच्या संरक्षणाखालीं आहे, तिच्या देखभालीवर सरकारी तिजोरींतून खर्च होतो, आणि दूरदूरचे प्रवासी वाट वांकडी करून ती पाहावयास जातात. ती कां राखिली गेली? कोणीं राखिली? आणि ज्यांनीं राखिली त्यांना तिच्यांत काय दिसलें? या प्रश्नांचीं उत्तरें शोधूं लागलें म्हणजे जुन्या वास्तूंचें जतन या विषयाचें मर्म हातीं लागतें.

प्रथम या जातीच्या इमारतीची ओळख करून घेऊं. आपल्याकडे देशमुख-पाटलांच्या गढ्या असत. वाड्याचा वाडा आणि वेळप्रसंगीं किल्ल्याचा किल्ला. स्कॉटलंडांतील लहानमोठ्या जमीनदारांची गरजहि तीच होती. मात्र त्यांनीं ती निराळ्या रीतीनें भागविली. आपला वाडा चौकाभोंवतीं पसरतो; त्यांचा वाडा आकाशाकडे चढतो. दिवाणखाना, निजण्याची खोली, कोठार हे सारे एकाच मजल्यावर शेजारीं शेजारीं न मांडतां एकावर एक रचावयाचे, भिंती हातभर नव्हे तर पुरुषभर जाड करावयाच्या, आणि आंत शिरण्यास एकच अरुंद दार ठेवावयाचें, ही त्या बांधणीची रीत. चौदाव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत अशा शेंकडों मनोरेवजा गढ्या त्या देशांत उभ्या राहिल्या.

त्या कां उभ्या राहिल्या, हें कळण्यास सीमाप्रदेशाची स्थिति ध्यानांत घ्यावी लागेल. दोन राज्यांमधील वैर चौदाव्या शतकाच्या आरंभापासून धुमसत राहिलें. राजे तह करीत, तह मोडीत. परंतु सीमेवरच्या माणसाला तहाच्या काळांतहि स्वस्थता नसे. दोन्ही बाजूंचीं घराणीं घोड्यांवर स्वार होऊन रात्रीच्या अंधारांत पलीकडच्या खोऱ्यांत उतरत, गुरेंमेंढ्या हांकून आणीत आणि घरांना आगी लावीत. पलीकडचीं घराणीं तसेंच उट्टें काढीत. यांत देशाभिमान किती आणि पोटाची भूक किती, हें सांगणें कठीण. कारण पुष्कळदां स्कॉट स्कॉटाला लुटी आणि इंग्रज इंग्रजाला. 'ब्लॅकमेल' हा शब्द आज जगभर झाला आहे. तो मूळचा याच प्रदेशांतील लुटारूंच्या खंडणीचा. हार्डन येथील वॉल्टर स्कॉट नांवाच्या सोळाव्या शतकांतील सरदाराची एक आख्यायिका तिकडे घरोघर सांगतात. घरांतील मांस संपलें कीं त्याची पत्नी जेवणाच्या वेळीं ताटांत अन्नाऐवजीं घोडेस्वाराच्या टांचेच्या आऱ्या वाढून आणी. अर्थ एवढाच, कीं आतां उठा आणि स्वारीवर निघा! गोष्ट खरी असो वा रचलेली असो, त्या समाजाची नीति ती चोख सांगते.

अशा मुलखांत राजाचा शिपाई वेळेवर येईल या भरंवशावर कोणी राहत नसे. १५३५ सालीं स्कॉटिश पार्लमेंटानें तर कायदाच केला, कीं सीमेवरील ज्या जमीनदाराची जमीन शंभर पौंड उत्पन्नाची असेल त्यानें दोन वर्षांच्या आंत चुनेगच्ची दगडी कोट बांधावा. कोटाची लांबीरुंदी साठ साठ फूट असावी. आणि संकटकाळीं त्यांत कुळांना व त्यांच्या गुरांना आसरा द्यावा. स्वतःसाठीं आंत मनोरा बांधावयाचा कीं नाहीं, हें मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलें होतें. या कायद्यांत मला एक गोष्ट फार बोलकी वाटते. संरक्षण हें राज्याचें पहिलें कर्तव्य. तेंच राज्यानें प्रजेच्या गळ्यांत बांधलें, आणि प्रजेनें तें दगडाच्या रूपानें पार पाडलें.

स्मेलहोमची गढी या कायद्याहून जुनी. पंधराव्या शतकाच्या मध्यास प्रिंगल नांवाच्या घराण्यानें ती बांधिली. हे प्रिंगल डग्लस या बलाढ्य सरदारांचे पदरचे लोक होते; फार श्रीमंत नव्हेत, पण अगदीं सामान्यहि नव्हेत. त्यांची ऐपत आणि त्यांची भीति या दोहोंचें माप त्या इमारतींत घेतां येतें. भिंती ओबडधोबड काळ्या खडकाच्या, सात-आठ फूट जाडीच्या. कारण तो दगड तेथेंच पायांखालीं मिळत होता. दाराच्या चौकटी, खिडक्यांच्या कडा आणि कोपरे मात्र घडीव तांबड्या वाळूदगडाचे. कारण काळ्या दगडाला छिन्नी लागत नाहीं. एवढी हौस त्यांनीं केली.

आंत शिरण्याचें दार दक्षिणेस. त्याला लांकडी फळीच्या मागें लोखंडी गजांचें दुसरें दार असे. हें लोखंडी दार आपण लक्षांत ठेवूं, कारण पुढें कथेंत त्याचें काम आहे. दाराच्या वरच्या अंगास बंदुकीसाठीं एक झरोका. न विचारतां येणाऱ्या पाहुण्याचें स्वागत तेथून होई. तळमजल्यावर कमानी छताचें अंधारें कोठार. कोपऱ्यांतील चक्राकार दगडी जिन्यानें वर चढलें कीं दिवाणखाना, त्यांत मोठी शेकोटी. त्यावर मालकाची निजण्याची खोली. आणि त्याहिवर माळा. छप्पर लांकडाचें न करतां दगडी कमानीवर दगडाच्याच फरशा बसवून केलेलें, म्हणजे शत्रूनें पेटते बोळे फेंकले तरी आग लागूं नये. त्या छपराच्या दोन्ही बाजूंस टेहळणीसाठीं अरुंद वाट आहे. उत्तरेकडच्या वाटेवर धुराड्याला पाठ टेंकून बसतां येईल अशी एक दगडी बैठक आहे, आणि जवळच दिवा ठेवण्याचा कोनाडा. त्या सीमेवरच्या लांबच लांब हिवाळी रात्रीं, धुराड्याच्या उबेला पाठ लावून, काळोखांत कान देऊन बसलेला एक पहारेकरी येथें होता. त्याचें नांव इतिहासाला ठाऊक नाहीं. त्याची बैठक मात्र शिल्लक आहे. राजवाड्यांत हिंडतांना राजांचीं नांवें आठवतात. येथें एका बिननांवाच्या माणसाची थंडी आठवते.

सोळाव्या शतकाच्या मध्यास आठव्या हेन्रीनें, आपल्या मुलासाठीं स्कॉटलंडची बालराणी मेरी मिळावी म्हणून, तलवारीनें मागणी घालावयास सुरुवात केली. १५४४ व १५४५ या सालांतील स्वाऱ्यांत केल्सो, मेलरोझ, ड्रायबरो येथील मठ जळाले. स्मेलहोमवरहि त्या वर्षांत इंग्रजांच्या धाडी आल्या. गुरें गेलीं, माणसें धरून नेलीं गेलीं. पण गढी उभी राहिली. पुढें १६०३ सालीं स्कॉटलंडचा सहावा जेम्स राजा इंग्लंडच्याहि गादीवर बसला. दोन राज्यांचा धनी एक झाल्यावर सीमेला सीमापण उरलें नाहीं, आणि तिच्यावरच्या गढ्यांचें प्रयोजन संपलें. सतराव्या शतकाच्या मध्यास प्रिंगलांकडून स्मेलहोम विकली गेली, ती हार्डनच्या स्कॉट घराण्याकडे. ताटांत आऱ्या वाढणाऱ्या त्याच घराण्याकडे! त्यांनीं कोटाच्या आंत एक सोयीचें नवें घर बांधलें. पण अठराव्या शतकाच्या आरंभीं तेंहि सोडून लोक खालीं सँडीनाऊ नांवाच्या शेतवाडीवर राहावयास गेले. चक्राकार जिने चढून जाण्याची आतां कोणाला हौस होती? गढी ओस पडली, आणि ओस पडलेल्या इमारतीचें जें होतें तें होऊं लागलें.

येथपर्यंतची कथा स्कॉटलंडांतील दुसऱ्या कोणत्याहि पन्नास गढ्यांची कथा आहे. स्मेलहोमचें वेगळेपण यापुढें सुरू होतें, आणि तें एका अपंग मुलापासून.

एडिंबरो येथें १७७१ सालीं एका वकिलाच्या घरीं वॉल्टर स्कॉट या नांवाचा मुलगा जन्मला. दीड वर्षाचा असतांना त्याला ताप आला आणि त्यांतून उठला तो उजवा पाय गमावून. शहरांतील वैद्यांचे उपाय हरले, तेव्हां मोकळ्या हवेसाठीं त्याला आजोबांकडे धाडण्यांत आलें. हे आजोबा सँडीनाऊची शेतवाडी खंडानें करीत. म्हणजे मुलाच्या डोळ्यांपुढें उठल्यापासून निजेपर्यंत ती ओसाड गढी! तिकडचे घरगुती उपाय ऐकले तर हंसूं येतें आणि डोळे भरूनहि येतात. नुकत्याच मारलेल्या मेंढीच्या ऊन ऊन कातड्यांत त्याला गुंडाळून जमिनीवर ठेवीत आणि आजोबा त्याला रांगावयास लावीत. हवा चांगली असली म्हणजे म्हातारा गुराखी त्याला उचलून खडकांवर नेई आणि मेंढ्यांमध्यें गवतावर निजवी. एकदां त्याला तेथें विसरून सारे घरीं आले आणि आभाळ कोसळूं लागलें. मावशी नव्हे, आत्या, जेनी तिचें नांव, ती धांवत गेली, तों पोर उताणें पडून प्रत्येक विजेसरशीं टाळ्या पिटीत होतें!

रात्रीं शेकोटीजवळ आजी गोष्टी सांगे, त्या याच भागांतल्या घोडेस्वारांच्या आणि धाडींच्या. आत्या जुने पोवाडे पाठ म्हणून दाखवी. ते त्या पोराला इतके भिनले कीं तो ते मोठमोठ्यानें म्हणूं लागे, आणि भेटीस आलेल्या धर्मोपदेशकाला दोन शब्द बोलणें अशक्य होई. ज्या वयांत मुलाच्या कानीं गोष्ट पडते आणि त्याच क्षणीं खिडकींतून ती जेथें घडली तें ठिकाण दिसतें, त्या वयांत मनावर उमटलेला ठसा पुसत नाहीं. स्कॉट पुढें यूरोपभर गाजलेला कवि आणि ऐतिहासिक कादंबरीचा जनक झाला. त्याच्या 'मार्मियन' या १८०८ सालच्या काव्यांत तिसऱ्या सर्गाच्या प्रस्तावनेंत त्यानें या गढीचें आणि आपल्या बालपणाचें ऋण फेडलें आहे. परंतु त्याहिपूर्वीं एक निराळें ऋण फेडण्याचा प्रसंग आला होता.

प्रसंग असा. १७९९ च्या सुमारास स्कॉट, आतां वकील झालेला, स्मेलहोमवरून जात असतां त्याला दिसलें, कीं गढीचें तें लोखंडी दार बिजागरींतून उपटून काढण्याची कोणाची तरी खटपट चालली आहे. गढीचा मालक त्याच्याच कुळांतला, हार्डनचा ह्यू स्कॉट. कवि त्याच्याकडे गेला आणि असा विध्वंस पुन्हां होणार नाहीं असा हुकूम सोडावा, म्हणून त्याची विनवणी केली. मालक हंसून म्हणाला, हुकूम सोडतों. पण अट एक. ज्याची घटना या गढींत घडली आहे असा एक पोवाडा तुम्ही मला रचून द्यावयाचा! सौदा ठरला. त्यांतून 'संत योहानाच्या सणाची पूर्वरात्र' या अर्थाच्या नांवाचें कथाकाव्य जन्मास आलें. लढाईला जातों असें सांगून स्मेलहोमचा सरदार बाहेर पडतो, आणि जातो तो बायकोच्या प्रियकराचा खून करावयास. मेलेला प्रियकर मध्यरात्रीं तिच्या भेटीस येतो, आणि त्याच्या स्पर्शानें तिच्या मनगटावर जळाल्याचा कायमचा डाग उठतो. शेवटीं ती एका मठांत जोगीण होते आणि नवरा दुसऱ्या मठांत संन्यासी. काव्य लोकांना आवडलें, दार वांचलें, आणि गढीला नवें नांवरूप आलें.

येथें इतिहासाच्या अभ्यासकानें थोडें थांबलें पाहिजे. या काव्यांतील सरदार कधीं झाला नाहीं, ती भेट कधीं घडली नाहीं. भुताच्या जळत्या स्पर्शाची कल्पनाहि जुनीच, इतर ठिकाणच्या दंतकथांतून आलेली. म्हणजे खऱ्या गढीला वांचविलें तें एका खोट्या गोष्टीनें! प्रिंगलांनीं खरोखर सोसलेल्या धाडी लोक विसरून गेले. न घडलेला खून मात्र लक्षांत राहिला. मला वाटतें, वास्तूंच्या जतनांतील हा एक कायमचा पेंच आहे. लोकांच्या मनांत जागा मिळावयाची तर गोष्ट लागते, आणि गोष्टीला सत्याची फारशी पर्वा नसते. म्हणून पहिलें काम कवीचें असलें तरी शेवटचें काम संशोधकाचेंच असलें पाहिजे.

शिवाय त्या दाराला हात घालणाऱ्या अज्ञात माणसाचीहि बाजू ऐकली पाहिजे. चरित्रकारांनीं त्याला रानटी ठरविलें आहे. परंतु तो बहुधा एखादा कुळवाडी असावा. त्याला कुरणाच्या फाटकासाठीं लोखंड हवें असेल, गोठ्यासाठीं दगड हवे असतील. पूर्वीं ज्या मालकांनीं आपल्या पूर्वजांना याच कोटांत आसरा दिला आणि त्याच्या बदल्यांत रक्त मागितलें, त्यांच्या निरुपयोगी घराबद्दल त्याला ममता कां वाटावी? आणि खुद्द स्कॉटचे हात तरी अगदीं निर्मळ होते काय? एडिंबरोचा जुना तुरुंग १८१७ सालीं पाडण्यांत आला, तेव्हां त्याचें दार स्कॉटनें आणून आपल्या ॲबट्सफर्ड येथील वाड्यांत बसविलें! एका दारासाठीं त्यानें पोवाडा लिहिला, आणि दुसरें दार स्वतः घरीं नेलें. अर्थात् तो तुरुंग पडणारच होता. दार नेलें नसतें तर तें भंगारांत गेलें असतें. तरी पण वस्तु तिच्या जागेवर राखणें आणि तिची आठवण म्हणून तुकडा जवळ बाळगणें, यांतील भेद त्या पिढीला अजून स्पष्ट दिसत नव्हता, एवढें खरें. १८३१ च्या ऑगस्टांत, मरणापूर्वीं वर्षभर, थकलेला स्कॉट टर्नर या विख्यात चित्रकाराला बरोबर घेऊन स्मेलहोमला गेला. टर्नरनें काढलेलें तिचें चित्र स्कॉटच्या काव्यसंग्रहांत आलें. कवि गेला, गढी मालकाच्या मर्जीवर आणि कवीच्या पुण्याईवर उभी राहिली.

मर्जी आणि पुण्याई हे दोन खांब किती कच्चे, हें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विचारवंतांना पटूं लागलें होतें. सर जॉन लबक यांनीं जुन्या स्मारकांच्या रक्षणाचें बिल १८७३ पासून पार्लमेंटापुढें आणण्यास आरंभ केला. दरवर्षीं एकच आक्षेप येई: माझ्या जमिनींतील दगडांविषयीं मला हुकूम सोडणारे सरकार कोण? शेवटीं १८८२ सालीं कायदा झाला, तोहि बराचसा दांत काढलेला. त्यांत मुख्यतः इतिहासपूर्व काळच्या शिळा आणि थडगीं येत. आणि सरकारी देखरेख मालकानें आपण होऊन पत्करली तरच. मात्र त्या कायद्यानें एक नामी तोड काढली. मालकी मालकाचीच राहावी, आणि सांभाळ सरकारनें करावा. १९०० च्या कायद्यानें मध्ययुगीन इमारतींना दार उघडलें. १९१३ च्या कायद्यानें राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंची यादी करण्याची रीत पाडली, आणि यादींतील वास्तूला हात लावण्यापूर्वीं सरकारला कळविण्याचें बंधन मालकावर घातलें.

कायद्याच्या जोडीला विद्वानांचें कामहि चाललें होतें. डेव्हिड मॅकगिबन आणि टॉमस रॉस या दोन शिल्पज्ञांनीं स्कॉटलंडभर पायपीट करून शेंकडों गढ्यांचीं मापें घेतलीं, नकाशे काढले, आणि १८८७ ते १८९२ या काळांत त्यांचा पांच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९०८ सालीं स्कॉटलंडांतील सर्व प्राचीन वास्तूंची नोंद करण्यासाठीं एक राजनियुक्त मंडळ नेमण्यांत आलें. ज्याची मोजदाद नाहीं त्याची चोरी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. म्हणून मोजणें हें राखण्याचें पहिलें पाऊल होय.

स्मेलहोमची गढी १९५० सालीं सरकारच्या देखभालीखालीं आली. १९७९ ते १९८१ या काळांत तेथील कोटाच्या आंतील जागेचें उत्खनन झालें, आणि लोकांना आजवर ठाऊक नसलेली एक गोष्ट उजेडांत आली. मनोरा एकटा नव्हता. त्याच्या पायथ्याशीं कोटांत मूळचें एक बैठें सभागृह आणि स्वयंपाकघर होतें, आणि त्याच्या जागीं पुढें स्कॉटांनीं आपलें घर बांधलें होतें. म्हणजे कवीनें पाहिलेला तो एकाकी, उदास मनोरा ही ओसाडीनें घडविलेली मूर्ति. मध्ययुगांत तेथें चुलींचा धूर, कुत्र्यांचें भुंकणें आणि गुरांचा हंबरडा होता. पोवाड्यानें न सांगितलेली हकीकत मातीनें सांगितली. आणि माती हलविली गेली नव्हती म्हणूनच ती सांगूं शकली. लोखंडी दारापेक्षां ही मातीच अधिक मोलाची ठरली, असें म्हटलें तरी चालेल. सध्यां ही वास्तु 'हिस्टॉरिक एन्व्हायरन्मेंट स्कॉटलंड' या २०१५ सालीं स्थापन झालेल्या संस्थेच्या ताब्यांत आहे.

राखणें म्हणजे काय करणें, याविषयीं आपल्याकडे पुष्कळदां गैरसमज दिसतो. रंग देऊन, नवे दगड बसवून वास्तु 'नव्यासारखी' करणें म्हणजे जतन नव्हे. १८७७ सालीं विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं संस्था काढली, तिचा आग्रह हाच होता, कीं दुरुस्ती करा, पुनर्रचना करूं नका. छप्पर गेलेल्या भिंतीचा खरा शत्रु पाणी. तें भिंतीच्या माथ्यावरून आंत झिरपतें, हिवाळ्यांत गोठतें, गोठतांना फुगतें, आणि दगड सांध्यांतून ढिले करतें. विसाव्या शतकांत पुष्कळ ठिकाणीं सांधे सिमेंटानें भरले; हेतु चांगला होता, परिणाम वाईट झाला. चुना पाणी शोषतो आणि परत बाहेर टाकतो. सिमेंट पाण्याला आंत कोंडतें, आणि मग दगडच झिजूं लागतो. तेव्हां आजचे गवंडी सिमेंट खरवडून पुन्हां चुन्याकडे वळले आहेत. अलीकडे पावसाचें मान वाढल्यामुळें ही चिंता दुणावली आहे. गेल्या कांहीं वर्षांत स्कॉटलंडांतील अनेक जुन्या वास्तूंचे दरवाजे उंचावरील दगडकामाची तपासणी होईपर्यंत बंद ठेवावे लागले. शत्रूच्या धाडींना पुरून उरलेल्या भिंती मेघांच्या धाडीपुढें हतबल होतात, हें काळाचें विचित्र लीलालाघव होय.

याहूनहि अवघड प्रश्न एक आहे. ओसाड गढी ओसाडच राखावी, कीं तिच्यांत पुन्हां बिऱ्हाड थाटूं द्यावें? पश्चिम किनाऱ्यावरील टिओरम या किल्ल्याची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. मॅक्डोनल्ड कुळाचें तें जुनें ठाणें १७१५ च्या बंडांत जळालें. १९९७ सालीं तें एका धनिकानें विकत घेतलें आणि स्वखर्चानें छप्पर घालून तेथें राहण्याची परवानगी मागितली. सरकारी खात्यानें ती नाकारली. सार्वजनिक चौकशी झाली. नकार कायम राहिला. एक पक्ष म्हणे, तुम्हांला पैसा नाहीं आणि ज्याच्याकडे आहे त्यालाहि करूं देत नाहीं. मग भिंत कोसळेल तेव्हां तुमचीं तत्त्वें तिला टेंकू देणार काय? दुसरा म्हणे, एकदां नवें काम चढलें कीं जुन्या दगडांतली साक्ष कायमची बुजते, आणि ती पैशानें परत येत नाहीं. दोन्ही पक्षांना वास्तूविषयीं प्रेम होतें, हें विशेष. मला स्वतःला वाटतें, कीं साक्ष जपणें हें पहिलें कर्तव्य. पण जो नाहीं म्हणतो त्यानें दुरुस्तीचा भार उचललाच पाहिजे. निषेधाचा हुकूम काढून स्वस्थ बसणें, ही विध्वंसाचीच सभ्य रीत आहे.

श्रोतेहो, स्कॉटलंडांतील कायद्याचे हे पडसाद आपल्या देशांतहि उमटले. लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दींत १९०४ सालीं हिंदुस्थानांत प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा जो कायदा झाला, त्यांतहि मालकाशीं करार करून सरकारनें सांभाळ करण्याची तीच योजना होती. आणि कायद्याच्या आधीं शब्द येतो, हा स्मेलहोमचा धडा तर महाराष्ट्रानें आपल्या अनुभवानेंच घेतला आहे. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीची हेळसांड जेम्स डग्लस या ग्रंथकारानें १८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबईवरील पुस्तकांत मांडली, आणि १८९५ सालीं 'केसरी'नें तिच्या जीर्णोद्धाराची हांक दिली. तेव्हां लोक जागे झाले. अर्थात् रायगड तो रायगड. छोट्याशा सीमेवरच्या गढीशीं त्याची तुलना कोणी करणार नाहीं. परंतु माझा रोख रायगडाकडे नाहींच. त्याला कवि मिळाले, पुढारी मिळाले. ज्यांना यांपैकीं कोणीच मिळालें नाहीं, त्या आपल्या गांवोगांवच्या पांढऱ्या मातीच्या गढ्यांकडे माझा रोख आहे. त्यांची माती शेतांत पडली, चिरे घरांत गेले, आणि त्यांच्या पहारेकऱ्याची बैठकहि उरली नाहीं.

स्मेलहोमला एका मुलाचें बालपण लाभलें, म्हणून ती वांचली. प्रत्येक गढीखालीं वॉल्टर स्कॉट रांगत नसतो. म्हणूनच समाजाला कायदा करावा लागतो, यादी ठेवावी लागते, चुना मळावा लागतो. एका कवीच्या जिव्हाळ्यानें जें एकदां झालें, तेंच पुढें कोणाच्याहि लहरीवर न सोडतां सर्वांच्या वतीनें करीत राहणें, यालाच जतन म्हणतात. स्मेलहोमच्या माथ्यावरची ती दगडी बैठक आज रिकामी आहे. सीमेवर आतां शत्रु नाहीं. पण पहारा संपलेला नाहीं.